धक्क्याचा मान

मुलीच्या मामाला लग्नात काय मिळतं, याचा कुणी विचार केलाय? माइकवरून एकदा पुकारा होतो, ‘मुलीच्या मामांनी मुलीला मंडपात घेऊन यावं.’ मामा तिला आणतो, अक्षता पडेपर्यंत मागं उभा राहतो आणि संपला. पुढचा सगळा वेळ तो फेटा सांभाळत पंगतीत मठ्ठा वाढत फिरतो. फक्त पाथर्डी तालुक्यातल्या एका वाडीत मामाला आणखी एक मान होता. तो माझ्या सख्ख्या भाचीनं नटबोल्ट खोलून, माझ्या डोळ्यांदेखत काढून टाकला. मी आजही रागावलेला आहे आणि हे सगळं रागातच लिहितो आहे.

ती वाडी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं, सासर. दाजींच्या वडिलांनी नगरला मिलिटरीच्या लिलावात एक जुनी पेट्रोलची जीप घेतली होती. हिरवी, उघडी, समोरची काच बॉनेटवर आडवी पडणारी. तिला सगळं होतं, फक्त सेल्फ नव्हता. म्हणजे होता, पण लागत नसे. पुढून हँडल मारायची सोय होती, पण ते हँडल फार पूर्वी विहिरीत पडलं होतं. जीपचं हँडल विहिरीत कसं पडतं, असं विचारलं की दाजी आजही पावसापाण्याचं बोलू लागतात.

आक्काची पाठवणी आमच्या गावाहून, खर्ड्याजवळून निघाली. नवरा-नवरी जीपमध्ये बसली, बायकांनी गळे काढले आणि जीप ढिम्म. मी नवरीचा भाऊ, नुकतं मिसरूड फुटलेला. कुणीतरी ओरडलं, “आरं बघतो काय, लाव की जोर!” मी मागून खांदा लावला, मग चुलते आले, मग सगळी भावकी. मारुतीच्या देवळापर्यंत ढकलल्यावर जीप खोकली, फुरफुरली आणि आमच्या तोंडावर काळा धूर सोडून आक्काला घेऊन गेली.

दाजींनी ही हकिगत वाडीत अशी काही रंगवली की पुढं तिथली प्रत्येक लेक त्याच जीपमधून सासरी निघू लागली. ऊसतोडीहून माणसं परतली की लग्नांची रांग लागायची, आणि प्रत्येक पाठवणीला वाडीच्या देवळापर्यंत धक्का. मंडपात मुलीला मामा आणतो, म्हणून पहिला धक्काही मामाचा. मामा कितीही किडकिडीत असो, त्याचा हात लागल्याशिवाय दुसऱ्या कुणी जीपला शिवायचं नाही. एका लग्नात मामा रुसला, तर त्याची समजूत निघेपर्यंत नवरी जीपमध्ये वाट बघत बसून होती.

या धक्क्यातली खरी गोष्ट मात्र बायकांना ठाऊक नाही. पाठवणीला बाईनं रडलंच पाहिजे, नाही रडली तर चर्चा होते. पुरुषानं काय करायचं? टोपी सारखी करत ‘सामान चढवलं का?’ असं विचारत हिंडायचं. पण जीपच्या मागं वाकला की मान खाली, तोंड पत्र्याकडं. घाम कुठला आणि पाणी कुठलं, कुणाला कळत नाही. जोर लावताना माणूस कण्हतोच, हुंदका त्यात खपून जातो. मी तिथं असे बाप पाहिलेत, ज्यांना त्यांच्या बायकांनी कधी रडताना पाहिलं नसेल. जीप चालू झाली की डोळ्यांत धूर गेला म्हणायचं, तोंड पुसायचं आणि मंडपवाल्याशी भांडायला मोकळं व्हायचं.

वाडीतल्या कितीतरी पाठवण्यांत मी मागच्या रांगेतून ढकललं. पहिली जागा कधी मागितली नाही. माझी भाची होती ना! तिच्या पाळण्याची दोरी ओढताना मी आक्काला सांगून ठेवलं होतं, हिचा पहिला धक्का माझा.

भाची मोटारींचं शिकली, सुप्याच्या एमआयडीसीत नोकरीला लागली. राहुरीकडं लग्न ठरलं. आणि एक दिवस दाजींचा फोन आला.

“पाव्हणं, पोरीनं जीपचं इंजिन उतरवलं बरं का.”

“दुरुस्तीला?”

“न्हाई. दुसरं बसवायलीय. नव्या गाडीचं. गाडी उलटली हुती, इंजिन धडधाकट हाय.”

“आणि तुम्ही बघत बसलात?”

“बघत कशाला? इंजिन उचलायची चेनकप्पी मीच वढली!” दाजी अभिमानानं म्हणाले.

मी मिळेल त्या गाडीनं वाडी गाठली. चिंचेखाली जुन्या टायरवर आमचं इंजिन ठेवलेलं होतं, हळदीला पाटावर बसवल्यासारखं. जीपखालून भाचीचे नुसते पाय दिसत होते. आत चंदेरी रंगाचं, वायरींनी लगडलेलं नवं इंजिन बसलं होतं. त्याचाच नवा गेअरबॉक्स. तिथून मागच्या चाकांकडं जाणारा दांडा वीतभर आखूड पडला, म्हणून तोही तिनं नगरहून वाढवून आणला होता. जुनं म्हणून काय उरलं होतं? पत्रा, रंग आणि दाजी.

“मामा, तो पान्हा द्या,” जीपखालून आवाज आला.

“देत नाही. आधी सांग, धक्क्याचं काय?”

ती सरपटत बाहेर आली. गालावर ग्रीस. “आता धक्का लागत न्हाई, मामा. किल्ली फिरवली की चालू. उलट धक्का मारून चालूच करायची न्हाई, नव्या सायलेन्सरच्या आतली धूर गाळायची जाळी जळते.”

आणि तिनं मला डॅशबोर्ड दाखवला. तिथं एक पट्टी चिकटवली होती, ‘धक्का मारू नये.’ माझ्याच नावानं लिहिल्यासारखी.

“मग वाडीतल्या मामांनी करायचं काय?”

“सेल्फ लागतोय ना आता? मामांनी सेल्फी काढावी.”

दाजी हसले. मी हसलो नाही. मी जे बोललो ते फार चांगलं बोललो, माइक नव्हता एवढंच. या जीपनं किती लेकी पोचवल्या, लोकांनी एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून ती कशी चालवली, आणि आता एक किल्ली फिरवून तुम्ही सगळ्या भावकीला घरी बसवणार! भाचीनं सगळं ऐकून घेतलं, हात पुसले आणि म्हणाली, “मामा, बाबांनी ही जीप मला दिली. ह्याच जीपनं मी सुप्याला जाणार. आईची आठवण आली की राहुरीहून हितं येणार. एकटी. करंजीच्या घाटात बंद पडली, तर तिथं ढकलायला कुठला मामा आणू?”

समोरच्याचं खरं निघालं की माझा राग दुप्पट होतो. मी आत जाऊन आक्काला सांगितलं, मी लग्नाला येत नाही.

“नगं येऊ,” आक्का चहा गाळत म्हणाली. “माइकवर सांगते, मामाचं इंजिन बंद पडलंय, धक्का मारा.”

गेलो. जातो कुठं! भाचीला मंडपात आणलं, मठ्ठाही वाढला. आणि पाठवणीची वेळ आली.

शालू नेसलेली नवरी सरळ स्टिअरिंगवर जाऊन बसली. नवरदेव शेजारी, मांडीवर शिदोरीचा डबा धरून. “आगं बया, नवरीच डायवर!” एका म्हातारीनं तोंडाला पदर लावला. भाचीनं किल्ली फिरवली. ना खोकला, ना फुरफुर. जीप चालू झालीय हेच कुणाला कळेना. बायका रडत होत्या, आणि वाडीतले सगळे पुरुष मोकळे हात लोंबकळत ठेवून उभे होते. त्यांच्यात दाजी. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि मला विचारलं, “सामान चढवलं का, पाव्हणं?” सामान केव्हाच चढलं होतं. थोड्या वेळानं त्यांनी तेच पुन्हा विचारलं. त्यांची हनुवटी हलत होती.

तिथं मात्र माझं डोकं फिरलं. मी तरातरा जीपच्या मागं गेलो, पत्र्यावर दोन्ही हात टेकवले आणि ओरडलो, “बंद कर ती! दाजी, इकडं या!”

भाचीनं मान वळवली नाही. जीप मात्र बंद झाली, ब्रेक सुटल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, “मामा, धक्का मारून चालू करायची न्हाई, यवढंच म्हणलं हुतं मी. न्यूट्रलवर नुसती ढकलली तर काय हुत न्हाई. देवळापस्तोर बास का?”

नवरदेव लगबगीनं उतरायला लागला. “बसा तुम्ही,” मी त्याला दटावलं. “तुम्हाला मुलगी झाली की या मागं.”

पहिला धक्का माझा. मग दाजींनी माझ्या खांद्याला खांदा लावून मान खाली घातली. मग सगळी भावकी आली. माझ्या शेजारी काय ऐकू आलं ते मी लिहिणार नाही. मीही काही गप्प नव्हतो. नवं इंजिन जुन्याहून हलकं निघालं, हाही अपमानच. जीप अशी सुळकन पळाली की देऊळ फार लवकर आलं.

देवळापाशी भाचीनं किल्ली फिरवली. आणि धूर नाही! आता लाल डोळ्यांचं कारण काय सांगायचं? मी तोंड पुसायला मान वर केली, तर तिच्या बाजूला एक गोल, नवा कोरा आरसा. जुन्या जीपला आरसा कधीच नव्हता, मागं काय चाललंय ते कुठल्याच नवरीला दिसत नसे. या आरशातून मात्र दोन डोळे आमच्याकडंच लागलेले होते. घरापासून देवळापर्यंत तिनं सगळं पाहिलं होतं, बापाचं आणि माझंही. तेही डोळे लालच होते. तिनं नुसता हात बाहेर काढून हलवला आणि राहुरीच्या रस्त्याला लागली.

मी आठच दिवसांत तिला फोन केला. म्हटलं, “इंजिन राहू दे, पण तो आरसा आधी काढ.”

“न्हाई निघायचा, मामा,” ती म्हणाली. “आरटीओला दाखवावा लागतो.”

मी आता आरटीओवरही रागावलेला आहे.