इस्तंबूलमध्ये भाव न करण्याची अट

मस्कतमधल्या आमच्या मराठी मंडळींपैकी कुणाला बायकोमुलांसह इस्तंबूलला जायचं असलं की ते माझ्या साडूला फोन करतात. मला करत नाहीत. साडू तेल कंपनीत इंजिनिअर आहे. त्याच्याकडे तासातासाचं वेळापत्रक तयार असतं आणि मागितलं की तो लगेच व्हॉट्सॲपवर पाठवतो. वास्तविक आमची दोन्ही कुटुंबं एकाच विमानाने गेली, एकाच हॉटेलात उतरली आणि त्याच मशिदींसमोर उभी राहून फोटो काढून घेतले. पण परत आल्यावर प्रत्येक गणपतीत आणि प्रत्येक वाढदिवसाला बोलला तो साडू, आणि त्या बोलण्यात निम्मा वेळ मीच होतो. त्यामुळे सल्ला त्याचा आणि किस्सा माझा, अशी वाटणी झाली आहे.

तरी सल्ला देतो. कुणी मागितला नाही म्हणून माझ्या मालाची किंमत कमी होत नाही.

पहिली गोष्ट, हॉटेल नकाशावर बघून घेऊ नका. साडूने तसंच घेतलं. नकाशावर ते जुन्या शहरात, मोठ्या मशिदीपासून अगदी जवळ दिसत होतं, आणि होतंही. फक्त मशीद वर होती, हॉटेल खाली, आणि मध्ये दगडी फरसबंदीचा उभा चढ. नकाशात चढ दिसत नाही. दोन बायका, तीन पोरं आणि चाकांच्या बॅगा घेऊन त्या उतारावरून जाताना मला मस्कतच्या मवालेह भाजीबाजारात हमाली केलेले दिवस आठवले. कांद्याची गोणी निदान पाठीवर बसते. चाकांची बॅग आपल्याला ओढत खाली घेऊन जाते.

दुसरी, मशिदी नमाजाच्या वेळी पाहुण्यांना बंद असतात. मस्कतमध्ये राहणाऱ्याला हे सांगावं लागू नये. साडूला सांगावं लागलं. शुक्रवारी दुपारी आम्ही त्याच्या वेळापत्रकाप्रमाणे दारात हजर होतो. बायकांनी ओढण्या घ्याव्यात, आणि बूट असे असावेत की वाकून नाड्या सोडाव्या लागणार नाहीत. आमच्या घरात मेतकूट आणि भाजणी बरोबर न घेता कुणी विमानात बसत नाही, ते योग्यच आहे. मात्र तिथलं मसूर डाळीचं सूप मागण्याआधी ते कशाच्या पाण्यात शिजवलंय हे विचारा. माझ्या शाकाहारी मेहुणीने दोन वाट्या संपवून मग विचारलं.

पण हे सगळं कुणीही सांगेल. मला सांगायचं आहे ते वेगळं: मुलीने घातलेली अट मान्य करून परदेशी जाऊ नका. आणि गेलातच, तर पंच नीट निवडा.

मी मस्कतला आलो तेव्हा ट्रकमधून खोकी उतरवायचो. आज माझा स्वतःचा गाळा आहे, आणि बऱ्याच हॉटेलांच्या स्वयंपाकघरात माझी भाजी जाते. हे मला कुणी दिलेलं नाही. समोरचा सांगतो तो भाव खरा नसतो, एवढ्या एका समजुतीवर मी मस्कतमधल्या वादी अदाईचं घर आणि मुलीची शाळा उभी केली. मुलगी इंग्रजीत वाढली. मराठी बोलते, पण शब्द शोधत, अंधारात चप्पल शोधावी तशी.

तिचं आणि माझं बिनसलं ते ओमानमधल्याच इब्रा गावी. तिच्या वर्गातली एक मैत्रीण बरोबर होती. तिथल्या बाजारात एक म्हातारा ओमानी चांदीचे दागिने मांडून बसला होता, आणि मुलीला एक कडं आवडलं. मी भाव करायला बसलो. चांगलाच बसलो. म्हातारा उतरत गेला, मी उतरवत गेलो, आवाजही जरा चढला. शेवटी त्याने कडं माझ्या हातात ठेवलं, म्हणाला, "खलास, अर्बाब. घेऊन जा," आणि पैसे घेईनाच. अर्बाब म्हणजे मालक. इथे आम्ही त्यांना म्हणतो, ते आम्हाला नाही.

वस्तू फुकट मिळाली, याला आमच्या धंद्यात यश म्हणतात. मुलीने ते कडं कधी घातलं नाही, आणि त्यानंतर माझ्याबरोबर कुठल्याही दुकानात आली नाही. दूध आणायलासुद्धा आईबरोबर जायची.

तिची बारावी झाली. ऑगस्टमध्ये ती कॉलेजसाठी पुण्याला जाणार होती. त्याआधी सगळ्यांनी मिळून एकदा कुठेतरी जाऊ या, असं बायकोच्या मनात होतं, आणि साडूने इस्तंबूल ठरवलं. मुलगी म्हणाली, मी येते, पण बाबाने तिथे एकदाही भाव करायचा नाही. मी विचारलं, आणि नाही केला तर मला काय मिळेल? अट घालणाऱ्याने काहीतरी द्यावं लागतं. ती विचार करून म्हणाली की शेवटचा पूर्ण दिवस आपण दोघंच फिरू, बोटीने बेटांवर जाऊ. एकदा जरी भाव केलास, तर तो दिवस मी मावशीकडच्यांबरोबर.

पूर्ण दिवस. गेल्या कित्येक वर्षांत ती माझ्याबरोबर सलग जेवायलासुद्धा बसली नव्हती. मी लगेच हो म्हटलं. वाद झाला तर पंच कोण, हेही तेव्हाच ठरलं. तिने काकाचं, म्हणजे माझ्या साडूचं नाव घेतलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं होतं, पण मी घाईत होतो.

पहिले दिवस मी कसे काढले ते मला माहीत. टॅक्सीवाल्याने सांगितलं, दिलं. भाजलेलं कणीस, दिलं. एका बाईने रस्त्यात मुलीच्या डोक्यावर फुलांची रिंग घातली आणि मग किंमत सांगितली, तीही दिली. प्रत्येक वेळी साडू शेजारी उभा राहून मला विचारायचा, "काय शेठ, बरं वाटतंय ना?" रात्री पोटात कळा यायच्या. बायको म्हणे सूपामुळे. पण मुलगी चालताना माझ्या बाजूने चालायला लागली होती. एकदा ट्राममध्ये तिने बेटांचे फोटो दाखवले, आणि तिथे सायकल भाड्याने मिळते, तुला येते का, असं विचारलं. येते, असं मी म्हटलं. मग काय, कळा सोसल्या.

छपराच्या मोठ्या बाजारात आम्ही शेवटून दुसऱ्या दिवशी गेलो. रंगीत काचांचे तुकडे जोडून केलेले दिवे तिथे दुकानभर टांगलेले असतात. बायकोला त्यातला निळा हवा होता. दुकानदार माझ्याच वयाचा, तब्येतीने भरलेला. गिऱ्हाइकांत अरब पुष्कळ, म्हणून त्याला कामापुरतं अरबी येत होतं. त्याने चहा मागवला आणि कॅल्क्युलेटरवर आकडा काढून माझ्यासमोर धरला.

मी आकड्याकडे पाहिलं. बोललो काही नाही. मुलगी शेजारी होती, साडू मागे. मी फक्त पाहत राहिलो, कारण तो आकडा पाहण्यासारखाच होता. दुकानदाराने माझ्या तोंडाकडे पाहिलं, कॅल्क्युलेटर मागे घेतला, आणि कमी आकडा काढून पुन्हा धरला.

"बाबा, स्टॉप," मुलगी हळूच म्हणाली.

"मी काय केलं? मी बोललो का?"

"तू चेहऱ्याने करतोयस."

मी चेहरा बदलायचा प्रयत्न केला. बदललेला चेहरा पहिल्यापेक्षा वाईट असावा, कारण त्याने आणखी कमी केलं. आता माझ्या डोळ्यांसमोरून बेटं जायला लागली. मी अरबीत म्हटलं, हे बघ, तू पहिल्यांदा सांगितलास तो भाव घे. पहिला. मला कमी नको.

हे वाक्य त्याने जन्मात ऐकलं नसावं. त्याला वाटलं मी त्याची थट्टा करतोय. तो हात जोडून म्हणाला की भाऊ, तू ओमानचा, आपला पाहुणा, आणि अजून कमी केलं. मला राग आला. मला राग लवकर येतो, हे मस्कतमध्ये सगळ्यांना माहीत आहे, पण या वेळी कारण होतं. मी आवाज चढवून म्हणालो की तुझा माल काय रस्त्यावरचा आहे का, एवढी कारागिरी आहे, पूर्ण पैसे घे. तोही पेटला. दुकान माझं, किती घ्यायचे ते मी ठरवणार. शेजारचे दुकानदार जमले. एक खाली ओढतोय, एक वर ओढतोय, आणि पाहणाऱ्यांना कोण विकणारा तेच कळेना.

इथे माझं चुकलं असं साडू म्हणतो. मी म्हणतो, माझ्या हाताचं चुकलं. दोन्ही बाजू दमल्या की आमच्या बाजारात एक वाक्य आपोआप बाहेर पडतं. ते पडलं. "जाऊ दे," मी म्हणालो, "तुझंही नको, माझंही नको." आणि हात पुढे केला. त्याने तो धरला. मधल्या आकड्यावर सौदा झाला. त्याने मला मिठी मारली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, चहा पुन्हा आला.

मुलगी दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली होती.

साडूने निकाल तिथेच, दिवा बांधून होण्याआधी दिला. "दोन भाव, चढलेला आवाज आणि शेवटी मिळवलेला हात. शेठ, याला दुसरं काय म्हणतात ते सांगा."

मी सांगितलं की तो मागत होता त्यापेक्षा मी जास्त दिले. साडू म्हणाला, अटीत भावाची दिशा नव्हती. इंजिनिअर आहे. हे वाक्य त्याला फार आवडलं, तो ते अजून वापरतो.

त्या संध्याकाळी हॉटेलच्या जिन्यात मला मुलगी भेटली. खोल्या एवढ्या लहान होत्या की कुणाला एकटं बसायचं असेल तर जिनाच होता. फोन बघत बसली होती. मी दोन पायऱ्या खाली बसलो आणि म्हटलं की काकाचा निकाल मला मान्य नाही, मला माझा पूर्ण दिवस हवा.

तिने मान हलवली. मी म्हटलं, अगं, मी नुकसान करून घेतलं.

"पैशाचं नाहीये ते, बाबा."

"मग कशाचं?"

तिने शब्द शोधले. मी थांबलो. "तू थांबत नाहीस," ती म्हणाली. "समोरचा टायर्ड होईपर्यंत तू थांबत नाहीस. मग तो सोडून देतो. तुला वाटतं तू जिंकलास. माझ्याशी पण तू तसंच करतोस."

याला माझ्याकडे उत्तरं खूप होती. शाळेची फी कुणाच्या न थांबण्यातून गेली, हे एक. मी ती दिली नाहीत. म्हटलं, बरं, संध्याकाळपर्यंत. बेटं नकोत, जवळच कुठेतरी जाऊ.

"एक फेरी," ती म्हणाली. "पलीकडे बोटीने जायचं आणि परत. बस."

मी उठलो. धंद्यात अशा वेळी पाठ फिरवायची असते. पाठ फिरवलेल्या माणसाला समोरचा हाक मारतो, आणि तिथून पुढे तुमचं चालतं. मी जिना उतरायला लागलो. एक मजला उतरलो. वरून तिच्या फोनवरच्या व्हिडिओचा बारीक आवाज येत होता, दुसरं काही नाही. मी आणखी चार पायऱ्या उतरून उभा राहिलो. ती माझ्याकडूनच शिकली असणार, कारण तिने हाक मारली नाही. आणि पाठ फिरवून परत येणारा माणूस बाजारात संपतो, हेही तिला माहीत असणार.

मी परत वर गेलो आणि म्हणालो, "चालेल."

तिने फोन खाली ठेवला. "उद्या लवकर," ती म्हणाली. "काका उठायच्या आधी."

पुलाजवळच्या धक्क्यावरून सरकारी बोटी सुटतात. पर्यटकांच्या बोटींचे दलाल तुम्हाला आधी अडवतील, त्यांच्याकडे बघूही नका. पाणी तेच, किनारा तोच. सकाळी कामावर जाणारी माणसं होती, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. गार होतं, तिने ओढणी कानावरून घेतली. समुद्रपक्षी बोटीच्या बरोबरीने उडत होते, आणि एक माणूस तिळाचा गोल पाव त्यांना तुकडे करून टाकत होता. अर्ध्या वाटेवर ती म्हणाली की पुण्याला सोडायला आईबरोबर तूही ये, पण हॉस्टेलच्या बाईंशी आई बोलेल. मी बरं म्हटलं. एवढंच बोलणं झालं.

पलीकडे उतरलो, तर परतीची बोट लागलेलीच होती. लोक चढत होते. त्या बोटींबद्दल साडू तुम्हाला सांगणार नाही ते सांगतो: एक सुटली तर धावायचं नाही, मागून दुसरी येते. मी तिकिटाचं कार्ड हातात घेऊन फाटकाकडे निघालो. जिन्यात ठरलं होतं तेवढंच, जायचं आणि परत.

"पुढची घेऊ," मागून मुलगी म्हणाली.

पाण्याच्या कडेला दगडी बांध होता, तिथे चहावाला होता. तिने दोन चहा सांगितले आणि त्याने मागितले तेवढे पैसे स्वतःच्या पर्समधून दिले. आम्ही बांधावर बसलो. पुढची बोट आली. तीही आम्ही सोडली.