पोटाने घेतलेला श्वास

माझा मोठा भाऊ त्या दिवशी मोर्च्याला गेला नव्हता. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने परळ-लालबाग तापलेलं होतं, पण दादा सभेला जायचा तो आठवड्याच्या सुट्टीलाच. परळच्या एका गिरणीत तो साच्यावर कापड विणायचा. पहिली पाळी संपवून घरी येत होता, तेवढ्यात नाक्यावर लाठीमार सुरू झाला. अश्रुधुराने काही दिसेना. पळणाऱ्या लोकांबरोबर तोही पळाला, एका गोदामाच्या भिंतीवर चढला आणि पलीकडे उडी मारताना पाय निसटून मानेवर पडला.

त्याच्यासोबत त्याचा मित्र होता. त्याच गिरणीत रिंगखात्यात सूतकताईचं काम करायचा, राहायचा आमच्या मागच्या चाळीत. त्याच्या घरच्यांनी नुकताच बौद्ध धम्म स्वीकारला होता. तो दादाला बोलवायला आला की आई त्याला चहा द्यायची, पण बाहेर गॅलरीत, वेगळ्या कपातून. दादाला ते आवडत नसे, तरी तो कधी बोलला नाही आणि मीही नाही.

मित्राने आणि आणखी एका अनोळखी माणसाने दादाला खांद्याला आणि पायांना धरून उचललं, हातगाडीवर घातलं आणि धुरातून पळवत हॉस्पिटलात नेलं. आम्ही पोचलो तेव्हा डॉक्टर मित्राला विचारत होते, "उचलताना मान कुणी धरली होती?"

"मान?" तो म्हणाला. "नाही साहेब. घाई होती."

डॉक्टर आत निघून गेले. मित्र तसाच उभा राहिला.

मानेत सात मणके असतात आणि त्यांच्या पोकळीतून मज्जारज्जूचा दोर खाली उतरतो, हे मला तिथे कळलं. दादाचा खालून दुसरा मणका सरकला होता आणि दोर चेपला होता. कवटीला दोन्हीकडून चिमटा लावून त्याला वजन टांगलं होतं, मानेला वाळूच्या पिशव्यांचा टेकू होता. दादा शुद्धीवर होता. त्याचे हात कोपरात वाकत होते, बोटं नाही. छातीपासून खाली त्याला काहीच कळत नव्हतं.

मी मॅट्रिक होऊन घरी होते, म्हणून दिवसभर त्याच्यापाशी मीच बसायचे. बसल्या बसल्या एक विचित्र गोष्ट माझ्या लक्षात आली. श्वास घेताना दादाची छाती वर येण्याऐवजी आत जायची आणि पोट मात्र टम्म फुगायचं. वॉर्डची सिस्टर गिरगावातल्या ख्रिश्चन घरातली, आमच्यासारखंच मराठी बोलणारी होती. मी तिला विचारलं. तिने माझाच तळवा माझ्या बरगड्यांवर ठेवला.

"आता श्वास घे. बरगड्या वर उचलल्या ना? त्या उचलणारे स्नायू बरगड्यांच्या मधे असतात. त्यांच्या नसा पाठीतून निघतात, म्हणजे लागलंय त्याच्या खालून. ते स्नायू बंद पडले."

"मग तो श्वास कशाने घेतो?"

"छाती आणि पोटाच्या मधे एक पडदा आहे. त्याची नस मानेत वरून निघते, म्हणून वाचली. तो पडदा एकटाच सगळं काम करतोय." मग तिने माझा हात पोटावर सरकवला. "खोक. पोट घट्ट झालं? खोकायला हे स्नायू लागतात. याचे सैल पडलेत. कफ साठला की तो तुम्हालाच काढावा लागेल."

पुढे चिमटा निघाल्यावर तिने आम्हाला ते शिकवलं. दोन्ही तळवे त्याच्या बरगड्यांच्या खाली ठेवायचे आणि तो खोकायचा प्रयत्न करील त्याच क्षणी आत आणि वर दाबायचं. माझा जोर पुरत नसे. मित्राचा पुरायचा.

हॉस्पिटलात करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा दादाला घरी आणलं. पहिल्याच संध्याकाळी त्याला दम लागला. आई तिच्या मालवणीत म्हणाली, "ह्याका बसवूया, आडवो आसा म्हणान दम लागता." आम्ही त्याला बसवलं तर त्याचे ओठ निळे पडायला लागले. घाबरून परत आडवं केलं. दुसऱ्या दिवशी मी सिस्टरला विचारून आले. पोट सैल असल्यामुळे बसल्यावर आतलं सगळं खाली उतरतं, पडदाही खाली ओढला जातो आणि मग त्याला हलायला जागा उरत नाही. तेव्हापासून बसवण्याआधी आई आपल्या जुन्या लुगड्याचा पट्टा त्याच्या पोटावर आवळून बांधायची.

मित्र पाळीला जाताना आणि परतताना यायचा. खाटेवर गुडघा टेकून दादाची छाती मोकळी करायचा, त्याची कूस बदलायचा, पडून पडून पाठीवर झालेल्या जखमा धुवायचा. त्याचा चहा आता आत येऊ लागला. आईने वेगळा कप कधी बंद केला ते मला आठवत नाही.

एका दुपारी आम्ही दोघंच असताना दादा बोलायला लागला. एका श्वासात त्याला चार शब्दच जमायचे.

"पडलो तेव्हा... पायाची बोटं हलत होती. मी हलवून बघितली. मग उचललं... मान मागे लोंबली. त्यानंतर नाही."

मी त्याच्या पायांवरची चादर सारखी केली.

"त्याला सांगू नकोस. आईला पण."

आडून आडून मी सिस्टरला विचारलं. ती म्हणाली, "कधी मान हलली की दोर चेपतो. कधी नुसत्या सुजेने तासाभरात जातं. आता कोण सांगणार?"

मित्राने शेवटी दादाला विचारलंच. मी चुलीपाशी होते. "खरं सांग. मी उचललं तेव्हा काही झालं का?"

"नाही रे," दादा म्हणाला. "पडलो तेव्हाच... सगळं गेलं होतं."

मित्राने त्याच्या पोटावर हात ठेवले. "चल, खोक."

थंडीत दादाला सर्दी झाली आणि ती छातीत उतरली. पेनिसिलीनची इंजेक्शनं चालू होती. आम्ही पाळीपाळीने दाबत होतो, पण कफ चिकट झाला होता आणि तो एकटा पडदा थकला होता. श्वास उथळ होत गेला. पोट जेमतेम हलायचं. सकाळी चाळीत नळाला पाणी आलं, बायकांची गडबड सुरू झाली आणि त्या आवाजात ते हलणंही थांबलं. मित्र तरीही दाबत राहिला. आईने त्याचे हात धरून बाजूला केले. "पुरे झाला, बाबा," ती म्हणाली.

दादाचं दिवसकार्य झाल्यावर मित्र मला जिन्यात भेटला. त्याने तेच विचारलं. तुला तरी काही बोलला असेल, म्हणाला. मी म्हटलं, "पडला तेव्हाच गेलं होतं सगळं. दादानेच सांगितलं मला." तो माझ्याकडे बघत राहिला. त्याचा विश्वास बसला की नाही, मला कळलं नाही. काही महिन्यांनी त्याने गिरणी सोडली, मागच्या चाळीतली खोलीही सोडली आणि चिंचपोकळीला एका कारखान्यात लागला. आमच्याकडे यायचा तो थांबला.

महाराष्ट्राचं राज्य झालं तेव्हा चाळीत पेढे वाटले. आईने एक घेतला आणि मला विचारलं, "त्याचो काय पत्तो आसा?" मला माहीत नव्हता.