केसपेपरवरचं 'सारवर'

मी सायन्सचा विद्यार्थी आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. भुताखेतांच्या गोष्टी मला कधी पटल्या नाहीत. होस्टेलवर मुलं त्या सांगायला लागली की मी पांघरूण ओढून झोपायचो. त्यामुळे गूढ अनुभवांच्या या सदरासाठी आपणच लिहावं याचं मला जरा अवघडच वाटतंय. लिहू की नको करण्यात तीन महिने गेले... यात कोणी दिसत नाही, पावलं वाजत नाहीत. फक्त एक शब्द आहे. आणि खरं सांगू का, मला भीतीपेक्षा रागच जास्त आला होता. तो अजून गेलेला नाही.

आमचं गाव डोंगरकडा या मोठ्या गावापासून आत पाच किलोमीटरवर. बाबा केळीच्या बागांमध्ये मजुरी करायचे. पूर्ण अंगठाछाप माणूस. मी तिसरीत असताना गावात प्रौढ साक्षरतेचा वर्ग निघाला, तिथे ते महिनाभर गेले. पण त्यांची खरी शाळा म्हणजे रेशन दुकानाचा फळा. गहू, तांदूळ, साखर, रॉकेल. रांगेत उभं राहून ते हे शब्द बघून बघून शिकले. त्या फळ्यावर रंगाऱ्याने 'ख' असा काढला होता की 'र' वेगळा आणि 'व' वेगळा. बाबांचाही 'ख' मग तसाच. त्यांनी 'साखर' लिहिलं की 'सारवर' दिसायचं. शब्दावरची रेघ ते कधी ओढत नसत.

मी पाटी पुढे करून म्हणायचो, "बाबा, हे सारवर झालं. दोघांना जोडा."

"बोर्डावर दोघायचं भांडन हाय," ते म्हणायचे. "म्या काहून जोडू?"

त्याच हिवाळ्यात बाबांना सर्दी-ताप झाला आणि तो छातीत उतरला. तेव्हा हिंगोली जिल्हा झाला नव्हता, आम्ही परभणीत होतो. काका त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. माय माझ्यापाशी घरीच राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी काका धापा टाकत आले.

"वैनी, तोंडाला मास्क हाय, बोलता येईना त्याला. पन कागदावर लिवून दिलं त्यानं."

"काय लिवलं?"

"मला कुठं वाचता येते. कंपाउंडरनं वाचलं. 'सारव र' म्हने. हसून राहिला व्हता तो, म्हने पेशंटला घराची लई काळजी."

मायने काही विचारलं नाही. शेण कालवलं आणि दोन्ही खोल्या, ओटा, सगळं सारवून काढलं. सारवण वाळायच्या आत बाबा गेल्याचा निरोप आला.

आमच्याकडे माणूस गेल्यावर घर सारवतात. म्हणून सगळं गाव म्हणू लागलं की त्याला आपलं मरण आधीच कळलं होतं, पुण्यवान माणूस. मायला त्या गोष्टीचा आधार होता. बाबांच्या दर वर्षश्राद्धाला ती घर सारवायची आणि हे सांगायची. मीही ऐकत मोठा झालो. मला, ज्याने त्यांना पाटीवर अक्षरं दाखवली होती त्याला, एकदाही काही सुचलं नाही.

आता मुख्य गोष्ट. स्वाइन फ्लूची साथ आली त्या वर्षी मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होतो. गावात ज्याच्या त्याच्या गळ्यात कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी. मायच्याही होती. तरी तिला ताप आला, खोकला आला आणि पाचव्या दिवशी श्वास पुरेना. वारंगा फाट्यावरून जीप करून काकांनी आणि मी तिला दवाखान्यात आणलं. दवाखान्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पहिला मजला, बायकांचा वॉर्ड, खिडकीकडून दुसरी कॉट.

सिस्टरने केसपेपर माझ्याच हातात दिला. "शिकलेला दिसतोस. वरचं तूच भर."

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. चांगल्या अक्षरात नाव, गाव, वय लिहिलं. पुढे रकाना होता – पूर्वीचे आजार.

"माय, आधीचा काही आजार हाय का?"

तिने मान हलवली. मी निळ्या पेनाने 'नाही' लिहिलं. कागद सिस्टरच्या टेबलावरच्या फाइलीत गेला.

दोन दिवस ऑक्सिजन, इंजेक्शनं, सलाईन. आमच्याच दिवशी तोच ताप घेऊन आलेली एक बाई चार कॉट पलीकडे होती, ती उठून चहा प्यायला लागली. माय मात्र खालीच चालली होती. सारखी पाणी मागायची, सारखी लघवीला न्या म्हणायची. मी सिस्टरला दोनदा सांगितलं. त्या म्हणाल्या, "सलाईन चालू आहे, लघवी होणारच की." डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, वयाचा परिणाम. माझी माय तेव्हा पंचेचाळीसचीही नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता राउंड आला. डॉक्टरांनी केसपेपर उघडला आणि थांबले.

"पूर्वीचे आजार... नाही... सारवर." त्यांनी मान वर केली. "सारवर हा कुठला आजार काढलात?"

बरोबरचा शिकाऊ डॉक्टर हसला. सिस्टर म्हणाल्या, "घर सारवता सारवता पडली असेल, सर."

काका पाण्याची बाटली घेऊन माझ्यामागे उभे होते. त्यांनी बाटली हळूच खाली ठेवली.

"तवा बी असंच वाचलं होतं," ते म्हणाले. "अशेच बोल होते. सारव र."

मी कागदावर वाकलो. माझं 'नाही' तिथेच होतं. त्याच्या पुढे निळ्याच शाईत मोठी, एका अंगाला कललेली अक्षरं. वर रेघ नाही. 'र' वेगळा, 'व' वेगळा.

मी त्या अक्षरांवर बोट ठेवलं. तोंडातून निघालं, "सर, ते साखर आहे. तो ख आहे."

"म्हणजे शुगर आहे हिला?"

"मला माहीत नाही."

"मग लिहिलं कोणी?"

मी परत कागदाकडे बघितलं. डॉक्टर चिडूनच म्हणाले, "बोटातलं रक्त बघा एकदा."

सिस्टरने सुई टोचली, थेंब पट्टीला लावला. मशीनवर आकडा आला नाही, दोन इंग्रजी अक्षरं आली. शुगर मशीनमध्ये मावेनाशी झाली की ती येतात, हे मला नंतर समजलं.

"सर, हाय दाखवतंय," सिस्टर म्हणाल्या.

"मशीन बी हाय म्हनून राहिली," काका म्हणाले. "आता तरी हाय म्हना."

मग एकदम धावपळ झाली. लावलेली बाटली काढली, दुसरी आली, इन्सुलिन आलं. आणि ते झाल्यावर डॉक्टर माझ्यावर भडकले. "शिकलेली माणसं तुम्ही. शुगर वाढलेली असली की हा व्हायरस साधा राहत नाही. शरीर लढत नाही, फुप्फुस लवकर बिघडतं. आणि तापाने शुगर अजून चढते. वरून आम्ही ग्लुकोजच्या बाटल्या लावतोय. आधी सांगायला काय झालं होतं?"

मी आजवर कुठल्याही मास्तरांना उलट बोललो नाही. पण त्या वेळी बोललो.

"सर, दोन दिवस ती पाणी पाणी करतेय. तुम्ही बोटातलं रक्त आजच का बघितलं?"

त्यांनी केसपेपर मिटला. मग "गर्दी दिसतेय ना तुम्हाला" म्हणून पुढच्या कॉटकडे गेले. गर्दी होती, हे खरं. पण एक सुई आणि एक थेंब, एवढंच काम होतं हो. त्यासाठी मेलेल्या माणसाचं अक्षर लागावं?

मायचा ऑक्सिजन पाच दिवसांनी निघाला. ती नीट बोलायला लागल्यावर मी तिला केसपेपरवरच्या शब्दाचं सगळं सांगितलं आणि शुगर कधीपासून आहे ते विचारलं.

"दोन वर्सं झाली," ती म्हणाली. "नरसीच्या जत्रंत शिबिर व्हतं, तिथं सांगितलं. म्या कडुलिंबाचा पाला खाऊन राहिले न्हाई का रोज?"

"मग मी विचारलं तेव्हा मान का हलवलीस?"

"तू आजार इचारला. आजार म्हंजे मानूस खाटंवर पडते. शुगर हाय का म्हून मला कोनी इचारलं?" मग म्हणाली, "आन तुला सांगितलं असतं तं कालेज सोडून आला असतास."

"बाबांना पण होती का शुगर?"

"व्हय. वारंग्याच्या डाक्टरनं साखर बंद कर म्हनलं व्हतं त्यायला..."

बोलता बोलता तिने माझं मनगट धरलं. मी काही समजावून सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. ती म्हणाली, "म्हंजे त्यायनं सांगितलं व्हतं. आन म्या घर सारवत बसले."

माझा राग तिथे आहे. रेशनच्या फळ्यावरून जो शब्द ते शिकले, तोच त्यांनी जीव वाचवायला लिहिला, आणि एक शिकलेला माणूस तो वाचून हसला. पुढे गावाने त्याचा चमत्कार केला. आता मायच्या बाबतीतही नातेवाईक चमत्कारच म्हणतात. काका तर सांगतात, भाऊ स्वतः येऊन लिहून गेला. मला हे ऐकवत नाही. चमत्कार म्हटलं की कोणाला काही विचारायची सोयच उरत नाही.

पण मग काय झालं होतं? रूममेट म्हणतो, जागरणात तूच लिहिलं असशील. पण मायला शुगर आहे हे मला माहीत नव्हतं. काकांना लिहिता येत नाही. मायचा हात सलाईनला बांधलेला, कागद टेबलावर. सिस्टरने लिहिलं असतं तर शुगर लिहिलं असतं, आणि नीट. डिस्चार्जच्या वेळी मी त्या पानाची झेरॉक्स मागितली. रेकॉर्डला जमा झालं, मिळत नाही, असं उत्तर मिळालं. म्हणजे माझ्याकडे पुरावाही नाही.

यंदा बाबांच्या वर्षश्राद्धाला मायने शेण कालवलं नाही. सकाळी माझी जुनी पाटी शोधून आणली.

"साखर कसं लिवतेत, दाखव."

मी लिहिलं. वर रेघ ओढली.

"असं न्हाई. त्यायच्यासारखं लिव."

मी पुसलं आणि 'र' वेगळा, 'व' वेगळा लिहिला. रेघ नाही. ती पाटी मांडीवर घेऊन त्या शब्दावरून बोट फिरवत राहिली.

"आता लिवलं तं मला वाचता येईन," ती म्हणाली. "पन तुझ्या कागदावर लिवलं कोनी रे?"

मला माहीत नाही. तिलाही मी तेवढंच सांगितलं.