नियम काय म्हणतो?

दादरच्या अभ्यासिकेच्या गॅलरीत आम्ही चौघं लॉ सीईटीची तयारी करायचो. दोन कॉलेजच्या मुली, पन्नाशीची मी आणि माझ्याच वयाचे एक गृहस्थ. मुली त्यांना ‘सर’ म्हणायच्या आणि मला ‘काकू’! तिथेच ठिणगी पडली. यांच्यापेक्षा एक तरी गुण जास्त मिळवायचाच, असं मी ठरवून टाकलं.

चष्मा कपाळावर चढवून ते न्यायाधीशाच्या आवाजात प्रश्न वाचायचे. आयुष्यभर हौशी नाटकांत कामं केली मी, आणि टाळ्या यांना!

एकदा प्रश्न आला. शेजाऱ्याच्या झाडाचा आंबा तुमच्या अंगणात पडला, तर तो कोणाचा?

“ज्याने आधी उचलला त्याचा!” मी ठणकावलं.

“ताई, हा लालबागच्या चाळीतला न्याय झाला. प्रश्नाच्या वर नियम छापलाय, तो काय म्हणतो?”

ज्याचं झाड त्याचं फळ, असं नियम म्हणत होता. मुली खिदळल्या. त्यानंतर मात्र ते रोज मागे थांबून माझ्याकडून असे प्रश्न सोडवून घ्यायचे. माझा जळफळाट व्हायचा, पण उत्तरं बरोबर यायला लागली.

निकालात मला त्यांच्याहून जास्त गुण पडले. त्यांचा पडलेला चेहरा बघायला मी निघाले. सांत्वनाची वाक्यंसुद्धा पाठ केली होती. पण मुलींनी त्यांना बातमी आधीच दिली होती. मला बघताच हा माणूस सगळ्या अभ्यासिकेला ऐकू जाईल असा ओरडला, “ताईंनी मला हरवलं हो!” आणि पेढे वाटत सुटला.

माझ्या विजयाचा आनंदसुद्धा मेल्याने माझ्याआधी उपभोगला.