ताणावरची बाग आणि उलटा माणूस

एका पत्त्याचं ऐकून मी नवऱ्याची संत्र्याची बाग बुडवायला निघाले होते. बाग आज उभी आहे म्हणून हे हसत लिहिते. नसती तर कबूलही केलं नसतं. मी काही एवढी सरळ बाई नाही.

तेव्हा मी पंचेचाळीसची. त्या वयात अक्कल येते म्हणतात. माझ्या अकलेची एस.टी. बहुतेक माहेरी, अकोटलाच, चुकली होती. मोर्शीकडे आमची बाग. विहिरी खोल गेलेल्या, शेजारच्या बागांवर कुऱ्हाडी चाललेल्या, गावभर चुलीत संत्र्याचं लाकूड. सकाळी पेपर उघडायला हात धजत नसे. आमच्या ह्यांनी सांगूनच टाकलं होतं, "यंदा आंबिया बहार धरला तं बाग ठेवू. नाई तं तोडू आन सोयाबीन पेरू."

आंबिया म्हणजे थंडी सरता सरता येणारा बहार. तो धरायचा म्हणजे थंडीत झाडाचं पाणी तोडायचं. त्याला आम्ही ताण म्हणतो. पानं मलूल होतात, पिवळी पडून गळतात. झाड पुरतं थकलं की मग पाणी सोडायचं, आणि ते अंगभर फुलतं. त्याआधीच पाणी दिलं तर नुसती पालवी. वीस वर्षं हे या डोळ्यांनी पाहिलेलं, बरं का.

त्याच थंडीत पुण्याला शिकणारी भाची आली आणि आपले टॅरोचे पत्ते विसरून गेली. पहिला पत्ता मूर्खाचा: खांद्यावर गाठोडं, नजर आभाळात, पुढचं पाऊल कड्याखाली. शेवटचा पत्ता जगाचा. "मामी, आयुष्य म्हणजे या मूर्खाचा प्रवास," असं तिनं समजावलं होतं. मूर्खाचा चेहरा मला अगदी आमच्या ह्यांच्यासारखा वाटला. स्वतःची शंकासुद्धा आली नाही.

आमचे हे तीन दिवसांसाठी अकोल्याला नणंदेकडे बारशाला गेले, आणि मी दुपारी त्यांच्या नावानं एक पत्ता काढला. झाडाला लटकलेला माणूस निघाला. त्या वर्षांत वऱ्हाडातल्या बाईला या चित्राचा अर्थ विचारायला पुण्याला जावं लागत नव्हतं. दोर दिसला तसा पत्ता पालथा घातला. तशीच बागेत गेले. सगळी झाडं माना टाकून उभी. वाटलं, ही मेली तर माझा माणूस काय करील?

विजेची लाईन होती. मोटर सुरू केली. एक दिवस नाही, तीन दिवस. थोडकी बाग नाही, सगळी.

सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून त्या ओसरीवर बसल्या होत्या.

"ओल्या मातीचा वास येऊन राह्यला वं. पानी आलं का?"

"भांडे घासले जी."

"वावरात?"

मी घरात जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घेतली.

पंधरवड्यात बाग हिरवीगार झाली. कोवळी पालवी नुसती. फुलं मात्र देवपूजेच्या ताटलीपुरती. हे एकेक फांदी वाकवून पाहत बागभर फिरले.

"पानी कावून सोडलं वं?"

मी पत्त्याचं सांगितलं. ओरडतील म्हणून पदर तोंडाशी धरूनच ठेवला होता.

"म्हंजे मी लटकू नये म्हनून तुनं बाग बुडवली," असं म्हणून ते खाली बसले आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. त्यातलं हसू किती होतं, हे मी आजवर ठरवलेलं नाही. मग डोळे पुसून म्हणाले, "आता मृगाचा बहार पाहू, पावसाच्या तोंडचा. तोवर कुऱ्हाड नाई."

मोटरच्या पेटीची किल्ली सासूबाईंच्या कनवटीला गेली.

मे महिन्यात बाग पुन्हा ताणावर. पुन्हा तीच गळती पानं. मी आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून बांधावर बसायची. हातांचा भरवसा नव्हता. सासूबाई शेजारी, नाकावर नवा जाड चष्मा. एका सकाळी म्हणाल्या, "आन पाहू तुहा तो पत्ता." मी घरून आणून दिला. त्यांनी तो डोळ्यांशी नेला, उलटा केला, सुलटा केला, झाडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या:

"गळ्यात कुठी हाय वं दोर? पायाले हाय. आन थोबाड तं पाह्य त्याचं, कसा निवांत हाय. आपल्या झाडावानी ताणावर हाय बिचारा, फुलाची वाट पाहून राह्यला. आन त्याले सोडवाले पयली तूच धावशीन, बादली घेऊन."