मोडलेलं जू

मी घाटनांदूर सोडलं त्या सकाळी ऊसतोडीला जाणाऱ्या सगळ्या बैलगाड्या निघून गेल्या होत्या, एक सोडून. बळीराममामा प्रार्थनाघरापुढे बसून बाभळीच्या लाकडाचं नवं जू तासत होता. जुनं मी मोडलं होतं. आदल्या दिवशी, भर उपासनेत, कुऱ्हाडीनं.

पाळकबाबा आजारी होते म्हणून ऊसतोडीला निघालेल्या टोळीच्या निरोपाचा उपदेश माझ्याकडे आला. वय एकोणीस, अक्कल त्याहून बरीच कमी. बायबलात यिर्मया संदेष्टा बाबेलच्या गुलामीची खूण म्हणून मानेवर जू घेतो, ते हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा मोडतो आणि म्हणतो, दोन वर्षांत बाबेलातून सगळे घरी येतील. एवढं वाचलं आणि अंगात आलं! मामाच्या गाडीचं जू पुढ्यात ओढलं. पहिला घाव जमिनीला बसला, तिसऱ्याला लाकूड तुटलं. "ही तुमची शेवटची खेप!" मी ओरडले. बायका रडल्या. मला वाटलं, जिंकलं बाई.

रात्रीची भाकरी मोडताना वडील हळूच म्हणाले, "पोरी, पुढलं पान कावून न्हाई वाचलंस?"

पुढल्या पानावर हनन्या खोटा ठरतो.

मी एसटीत चढले, पुण्याला बायबलचं शास्त्र शिकायला. मामानं तासणी न थांबवता म्हटलं, "जा बाई, शिकून ये. पर येताना एक जू आण." मामाची गाडी कारखान्यावर दोन दिवस उशिरा पोचली. पाण्याजवळच्या जागा गेल्या होत्या, त्यांची कोपी, पाचटाची झोपडी, पार टोकाला पडली. मामाच्या कमळनं, दहा वर्षांच्या पोरीनं, हंगामभर लांबून पाणी वाहिलं. हे मला फार उशिरा कळलं.

गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, पुढची चाळीस वर्षं मी पुण्यात संदेष्टेच शिकवले. आधी चाळीत, आता लिफ्टच्या फ्लॅटमध्ये. गुडघे गेल्यापासून व्हिडिओ कॉलवर. प्रत्येक वर्गात कुणीतरी हनन्या असतोच. त्याला बघितलं की मला कुऱ्हाड उचललेली, दोन वेण्यांतली मी आठवते. संदेष्टा म्हणजे पुढचं सांगणारा जोशी नव्हे, समोरचं खरं सांगणारा माणूस, हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता सांगतानाच थकवा येतो.

मागच्या महिन्यात कमळचा फोन आला. तिची टोळी निघणार होती. आता बैल नाहीत, ट्रॅक्टर आहे. पण कोयता तोच. "आक्का, प्रार्थनेला ये. आन् एवढं म्हण की यंदाची शेवटची खेप हाय. तू म्हनलीस तर हातात बळ येईल."

गेले. प्रार्थनाघरात बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. ते वाक्य जिभेवर होतं, गोड, तयार. कमळचे तळवे मांडीवर उताणे पडले होते, चिरलेले. मी म्हटलं, "हनन्याचं ऐकून यिर्मयापण आधी आमेन म्हणाला होता, देव तसंच करो म्हणाला होता. मीबी म्हणते, आमेन. पण कधी संपंल ते मला ठावं न्हाई, कमळे. मागं मी खोटं बोलले, आन् पाणी तू वाहिलंस."

एक म्हातारी उठून निघून गेली. कमळनं दोन्ही तळवे पदराखाली घेतले. मग म्हणाली, "मंग तिथं जाऊन करावं काय?"

मी यिर्मयाच्या पत्राचं सांगितलं. बाबेलात धरून नेलेल्यांना तो लिहितो: तिथंच घरं बांधा, मळे लावा, त्या गावाचं भलं मागा. कमळ फसकन हसली. "आगं शहाने, म्या दर साली कोपीमागं धने टाकते. मुकादम हसतो. म्हनलं, हास बाबा, चार महिने तोंडाला चव नको व्हय?"

चाळीस वर्षं ते पत्र शिकवणाऱ्या बाईच्या गॅलरीत मात्र तीन कुंड्या रिकाम्या. कशाला लावायचं, आपल्याला गावी जायचंच आहे, असं म्हणत म्हणत राहिलेल्या.

निघताना कमळनं माझ्या पदराच्या टोकाला धने बांधले. "तुझ्या मामाला जू आनलं न्हाईस ते न्हाईस, हे तरी ने."

गॅलरीतल्या कुंडीत बोटभर कोथिंबीर आलीय. गाव कुठलं विचारलं की मी अजून घाटनांदूरच सांगते. पण आता पाणी घालायचं असतं, म्हणून पुण्याबाहेर दोन दिवसांपेक्षा जास्त राहवत नाही.