लंगडणं जास्त झालं म्हणे!

मंडळी, आज डोकं सरकलं आहे, म्हणून लिहून राहिलो.

मोर्शीजवळ शेतकऱ्यांवरच्या सिनेमाचं शूटिंग चालू आहे. त्यात पायानं अधू असलेल्या शेतकऱ्याचं काम आहे. मले लहानपणीच पोलिओ झाला. अमरावती-अकोल्याच्या स्टेजवर वीस वर्षं मी कुबडी घेऊनच नाटकं केली. वऱ्हाडातला खरा माणूस पाहिजे म्हणून सिनेमावाल्याहीनं मले बोलावलं.

मी चालून दाखवलं. डायरेक्टर म्हणे, "लंगडणं जरा जास्त होतंय. नॅचरल करा."

अरे, मी तं नुसता चाललो होतो!

काम गेलं मुंबईच्या धडधाकट हिरोले. पहिल्या 'टेक'च्या वक्ती त्यानं डावा पाय ओढला, दुसऱ्याच्या वक्ती उजवा. सगळ्या युनिटनं टाळ्या वाजवल्या.

मी निघालो तं डायरेक्टर मागं आला. "तुमची कुबडी ठेवून जाता का? एकदम खरी वाटते."

"मंग मी घरी कसा जाऊ?"

"गाडी सोडेल ना तुम्हाला."

कुबडी घेऊनच घरी आलो.

सिनेमा लागला की तुमी पाह्यले जासानच, डोळेही पुससान. तवा त्या हिरोचा नेमका कोणता पाय अधू आहे, तेवढं मले कळवजा.